राळ न लावलेला गज

तीन बहिणींतली मधली म्हणून घरात तिला सगळे मधलीच म्हणत. पुढे वाद्यवृंदात नोकरी लागली तीही मधल्याच वाद्यावर. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, चेलोपेक्षा पुष्कळ लहान, असा तो व्हायोला. वरचे सूर व्हायोलिनवाले मिरवतात, खालचे चेलोवाले सांभाळतात, आणि मधल्या मध्ये व्हायोला नेमकं काय करतो ते तिकीट काढून येणाऱ्यांपैकी फारसं कुणाला सांगता येत नाही. तो नसला की मात्र भाजीत मीठ विसरल्यासारखं होतं. तिचा नवरा बस डेपोत ड्युट्या लावायचं काम करायचा. तो म्हणायचा, "तुमच्याकडे कंडक्टर एक आणि नुसती काठी हलवतो. आमच्याकडे एवढे कंडक्टर, पण एकाला तरी काठी दिलीय का कुणी?" हा विनोद त्याने लग्न ठरलं तेव्हा केला होता आणि अजून त्याला तो नवाच वाटत होता.

मधलीचा स्वभाव समजायचा तर तिचं लहानपण बघायला हवं. थोरली आणि धाकटी या दोघींचं एकमेकींवाचून पान हलायचं नाही आणि एकमेकींशी क्षणभर पटायचंही नाही. भांडण झालं की एक या खोलीत, एक त्या खोलीत, तोंडं फुगवून. मग ही निघायची. थोरलीला सांगायची, "ताई, ती रडतेय गं, चुकलं म्हणते." धाकटीला सांगायची, "ताईने सॉरी म्हटलंय, पण तुझ्यासमोर म्हणायला लाजते." दोघींपैकी कुणीही असलं काही म्हटलेलं नसायचं. पण जेवायच्या वेळी दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असायच्या आणि आई म्हणायची, "आमची मधली म्हणजे सोनं आहे." खोटं बोलून कौतुक होतं हे एकदा कळलं की माणसाला ती सवय सोडवत नाही. आणि मधलीला तर ते खोटं वाटतच नव्हतं. सगळ्यांचं भलं करायचं आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, याला ती चांगुलपणा समजत होती.

या चांगुलपणाला पुढे एक मोठं काम मिळालं. वाद्यवृंदाने आसपासच्या वस्तीतल्या मुलांसाठी शनिवारी दुपारचा वर्ग सुरू केला आणि तो मधलीकडे सोपवला. इतर वादकांना शनिवारची झोप प्रिय होती, हे खरं कारण. मंचाखाली एक लांबट खोली होती. एका भिंतीला मोडक्या खुर्च्यांची उतरंड आणि दुसऱ्या भिंतीला मुलांच्या वाद्यांच्या पेट्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं. वाद्यं, तारा, दुरुस्ती, सगळं एका संस्थेच्या अनुदानावर चालायचं. मुलांना पैसा द्यावा लागत नव्हता आणि वाद्य घरी न्यायची मुभा होती. अनुदान थांबलं तर दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागणार आणि पेट्या विकल्या जाणार, हे वाद्यवृंदाचे मॅनेजर येता जाता सांगायचे. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. तो कायम घाबरलेला असायचा, इतकंच.

वर्गाची सुरुवात ठरलेली होती. मुलं रांगेत बसायची आणि आपापला गज पुढे धरायची. गज म्हणजे व्हायोलिन वाजवायची ती केस ताणलेली काठी. नुसत्या केसांनी तार वाजत नाही. त्यांच्यावर राळ घासावी लागते, झाडाच्या चिकापासून केलेला मधासारखा पिवळा खडा. राळ लागली की केस तारेला धरतात आणि सूर निघतो. नाही लागली तर गज तारेवरून काचेवरून बोट फिरावं तसा घसरतो आणि आवाज म्हणून निघत नाही. हा खडा एका बाजूने फडक्यात गुंडाळलेला असायचा, म्हणजे हाताला चिकटत नाही. मधली तो घेऊन रांगेतून जायची आणि प्रत्येकाच्या गजाला स्वतः राळ लावायची. मोठ्या मुलांना ते आपलं आपण करता येत होतं, पण कुणी तसं म्हणायचं नाही. शाळेत जाताना आईने वेणी घालून द्यावी, तसं ते होतं.

त्या रांगेत एक मुलगी होती. मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं करवत. तिच्या व्हायोलिनमधून जो आवाज निघायचा त्याला दुसरं नाव देताच आलं नसतं. गज तारेवर असा रेटायची की शेजारची पोरं कानात बोटं घालायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "करवत आली, करवत आली," असं कुणी ओरडलं की ती हसून गज हवेतच पुढेमागे करायची, लाकूड कापल्यासारखा.

ती एवढी का रेटते, ते मधलीला तिच्या आजोबांकडून कळलं. मुलीचे आईबाप दुसऱ्या गावी कामाला होते आणि ती आजोबांपाशी राहायची. आजोबांनी जन्मभर गॅरेजमध्ये गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ केले होते. त्या ठोकाठोकीत गाड्या सरळ झाल्या आणि आजोबांचे कान गेले. एका कानात ऐकायचं मशीन होतं, ते कधी शिट्टी मारायचं, कधी काही बोलायचंच नाही. ते दर शनिवारी दाराशी खुर्ची टाकून बसायचे, कानामागे तळवा धरून.

"बाई, तुमचं हे बाकीचं कायकाय वाजतं ते मला काही ऐकू येत नाही," ते मोठ्या आवाजात सांगायचे. बहिरी माणसं बोलतात तसं. "पण माझी नात वाजवते ना, ते येतं हं. बरोबर येतं."

येणारच होतं. ती त्यांच्यासाठीच वाजवत होती.

मधली तिला समजावायची, की बाळा, सगळ्यांबरोबर वाजवताना आपला आवाज वेगळा निघता कामा नये. "साखर चहात विरघळते ना? कुठे गेली ते दिसत नाही, पण चहा गोड होतो. तसं विरघळायचं." मुलगी डोळे मोठे करून ऐकायची, मान हलवायची, आणि पुन्हा रेटायची.

अनुदानाची मुदत संपत आली तेव्हा संस्थेने कळवलं की त्यांच्या मॅडम स्वतः येऊन मुलांचं वाजवणं ऐकतील आणि मग पुढचं ठरवतील. मॅनेजरांची झोप उडाली. त्यांनी जिन्यातले दिवे बदलले, मोडक्या खुर्च्यांवर चादर टाकली, आणि मधलीला बाजूला घेतलं.

"बाई, ती एक मुलगी आहे ना तुमची. करवत. तिला त्या दिवशी..."

"काय?"

"ताप वगैरे येऊ शकतो की नाही मुलांना?"

मधली भडकली. तिच्या वर्गात कुणाला मागे ठेवायचं नाही, हा तिचा शब्द होता आणि तो तिने आजवर पाळला होता. "ती बसेल," ती म्हणाली. "सगळी बसतील. तुम्ही काळजी करू नका, मी बघते."

"कसं बघणार?"

"म्हटलं ना, मी बघते."

मॅनेजरांनी पुढे विचारलं नाही. काही गोष्टी न विचारण्यात सोय असते, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

मधलीच्या डोक्यात एक जुनी गोष्ट आली होती. ती नवी होती तेव्हा वाद्यवृंदात एक म्हातारे व्हायोलिनवाले काका होते. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि हात थरथरायला लागले होते. शेवटचे काही कार्यक्रम ते राळ न लावलेला गज घेऊन बसले. इतरांबरोबर हात वर जायचा, खाली यायचा, चेहरा तसाच रंगलेला, आणि आवाज अजिबात नाही. प्रेक्षकांना पत्ता नाही. शेवटच्या दिवशी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि काका मानाने घरी गेले. मधलीला ती गोष्ट फार सुंदर वाटली होती. कुणाचं मन मोडलं नाही, कुणाचा सूर बिघडला नाही.

दुरुस्तीवाल्याकडून नुकताच नवे केस भरून आलेला एक छोटा गज कपाटात होता. त्याला अजून राळ लागलेलीच नव्हती.

भेटीच्या दुपारी मुलं मंचावर रांगेत बसली. धुतलेले कपडे, ओले करून बसवलेले केस. मधली खडा घेऊन निघाली. करवतीपाशी आली तेव्हा म्हणाली, "तुझा गज जरा ढिला झालाय, आज हा घे." मुलीने नवा पांढराशुभ्र गज बघितला आणि तिला कोण आनंद झाला. तिने तो पुढे धरला. आणि मधलीने खडा हातात फिरवला आणि फडक्याची बाजू त्या केसांवरून फिरवली. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा, अगदी नीट, इतरांना लावली तशीच. मुलगी तिच्या हाताकडे बघत होती. तिच्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता, आणि हीच गोष्ट मधलीला पुढे जगू देईना.

कार्यक्रम झाला. इतका साफ सूर त्या मुलांनी पूर्वी कधी काढला नव्हता. करवत तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिल्यांदा गज ओढला तेव्हा तिने चमकून व्हायोलिनकडे बघितलं, मग शेजारच्या मुलाकडे, आणि मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मधलीने नजर वळवली. मुलीने डोळे मिटून घेतले आणि शेवटपर्यंत उघडले नाहीत.

टाळ्या संपायच्या आत ती धावत आली आणि मधलीच्या कमरेला तिने मिठी मारली.

"बाई! मी विरघळले! मला माझा आवाज येतच नव्हता! तुम्ही सांगितलं होतं ना, तस्सं झालं!"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. पण मॅडम चार पावलांवर उभ्या होत्या, मॅनेजर त्यांच्या मागे घाम पुसत होते, आणि मुलगी वर तोंड करून वाट बघत होती. मधलीने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान वाजवलंस हो."

दाराशी आजोबा होते. त्यांनी मशीन कानातून काढून फुंकलं, पुन्हा बसवलं, आणि नातीला विचारलं, "तू वाजवलंस ना गं?"

"हो आजोबा! सगळं!"

"हं," आजोबा म्हणाले. आणि तिचा हात धरून निघाले.

थोड्याच दिवसांत संस्थेकडून मॅनेजरांना फोन आला. अनुदान मंजूर झालं होतं, उलट वाढवून मिळालं होतं. मॅनेजर बिस्किटांचा पुडा घेऊनच तालमीला आले. "आणि बाई, मॅडमनी काय सांगितलं माहितीये? म्हणाल्या, तिसऱ्या रांगेतली ती डोळे मिटलेली मुलगी माझ्या मनातून जात नाही. एवढं तल्लीन मूल मी बघितलं नाही. त्यांनी त्यांच्या लोकांपुढे तिचंच उदाहरण दिलं म्हणे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधलीने आपलं बिस्किट तसंच पर्समध्ये टाकलं.

तरी तिने स्वतःची समजूत घातली. एका दिवसाची गोष्ट होती, झाली. एवढी मुलं पुढे शिकतील. करवतीचं काय बिघडलं? उलट खूश आहे पोरगी. पुढच्या शनिवारी ती खडा घेऊन रांगेत गेली आणि करवतीच्या गजाला तिने चांगली भरपूर राळ लावली, जरा जास्तच. आणि मग वर्ग सुरू झाला आणि तिच्या लक्षात आलं की तिसऱ्या रांगेतून करवतीचा आवाज येत नाही.

मुलगी गज तारेवर टेकवतच नव्हती. तारेवरून नुसती हवा जावी तशी ती तो फिरवत होती, डोळे मिटून.

"अगं, जरा दाब की."

"नको बाई," ती कुजबुजली. "पुन्हा करवत होईल."

मुलांनी तिचं नाव बदललं होतं. आता ती साखर होती. त्या नावावर ती इतकी खूश होती की ते टिकवण्यासाठी तिने आवाज काढणंच सोडून दिलं. मधलीने हर प्रकारे सांगून बघितलं. दाब म्हणावं तर ती म्हणायची, तुम्हीच तर म्हणालात छान वाजवलंस. तिने जे शिकवायला इतके महिने घालवले ते मुलीला आलं नव्हतं, आणि एका दुपारी खोट्याने जे शिकवलं ते मात्र पक्कं बसलं. आणि दाराजवळच्या खुर्चीवर आजोबा बसेनासे झाले होते. ते नातीला फाटकापर्यंत सोडून परत जायचे.

घरी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याला वाटलं होतं ती हसण्यासारखं काही सांगतेय, म्हणून तो आधी हसला, आणि मग थांबला.

"मग सांगून टाक."

"कुणाला? संस्थेला सांगितलं तर वर्ग बंद होईल. त्या एवढ्या पोरांनी काय करायचं?"

"मी संस्थेचं म्हणत नाही. त्या पोरीला."

"ती किती आनंदात आहे, तू बघितलं नाहीस. तिला कसं सांगू? आणि मी काही तिचं वाईट केलं नाही. काकांच्या वेळी सगळ्यांनी हेच..."

"काकांच्या गजाची राळ कुणी बंद केली होती?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तिचे हात घडीतच थांबले. काकांनी स्वतः बंद केली होती. आपल्या हाताने. सकाळी पेटी उघडून, खडा बाजूला ठेवून. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. इतकी वर्षं ती ती गोष्ट मनात गोंजारत आली आणि त्यातली मुख्य गोष्टच तिने बघितली नव्हती.

"तुझ्या बहिणींची भांडणं तू अशीच मिटवायचीस," नवरा म्हणाला. तो रागाने बोलला नव्हता, पण तिला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दोघी आज एकमेकींशी सणासमारंभापुरत्याही बोलत नव्हत्या. कशा बोलणार? एकमेकींशी खरं कसं बोलायचं ते त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सांगायचं, असं तिने ठरवलं. त्या शनिवारी मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि तिसऱ्या शनिवारी संस्थेच्या मॅडम फोटो काढायला येणार होत्या.

मॅनेजरांनी मंचाबाहेरच्या लांब बोळात मुलांना वाद्यं घेऊन उभं केलं होतं. फोटोवाला दिवा लावत होता. मॅडम आल्या, साध्या, हसऱ्या, हातात स्वतःची पिशवी. त्यांनी पहिलंच विचारलं, "आमची ती डोळे मिटणारी मुलगी कुठाय?"

मधली काही बोलणार तेवढ्यात बोळाच्या टोकाचं दार उघडलं. आजोबा होते. एका हातात नातीचा हात आणि दुसऱ्या हातात व्हायोलिनची पेटी. मधली लगबगीने पुढे गेली. आजोबांनी पेटी तिच्यापुढे धरली.

"बाई, ही परत घ्या. दुसऱ्या कुणा पोराला द्या." त्यांचा आवाज बोळभर घुमला. "माझे कान गेले. डॉक्टर म्हणालाच होता, एक दिवस पूर्ण जातील म्हणून. तुमच्या त्या कार्यक्रमाला गेले. ही वाजवत होती आणि मला काहीच ऐकू आलं नाही. काहीच नाही. घरी पण तशीच वाजवते ती, डोळे मिटून, गज अलगद फिरवत. मी आपला उगाच मान डोलावतो. तर हिला कळतं. आता पेटीच उघडत नाही. म्हणते, आजोबा, तुम्हाला येत नाही तर मी कुणासाठी वाजवू?"

मुलगी खाली बघत होती. आजोबांचा कान रिकामा होता. मशीन नव्हतं.

"मशीन कुठाय?" मधलीने कानाकडे बोट दाखवत विचारलं.

"ड्रॉवरमध्ये. काय उपयोग त्याचा?"

मधलीला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तिने मागे बघितलं. मॅनेजर, मॅडम, फोटोवाला, मुलं, सगळे. ती आजोबांच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, तुमचे कान गेले नाहीत."

"काय?"

"कान ठीक आहेत तुमचे. तो गज..."

"मोठ्याने बोला बाई! ऐकू येत नाही म्हणून तर आलोय ना!"

आयुष्यभर ती सगळ्यांच्या कानात हळूच बोलत आली होती. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. आणि आता समोर जो माणूस होता त्याला हळू बोललेलं ऐकूच येत नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले आणि ती ओरडली.

"तुमचे कान ठीक आहेत! तिच्या गजाला मी राळ लावली नव्हती! त्या दिवशी तिचा आवाज निघालाच नाही! मी निघू दिला नाही!"

फोटोवाल्याचा दिवा बारीक घूं घूं करत होता.

आजोबांना ते समजायला जरा वेळ लागला. मग त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "म्हणजे कान गेले नाहीत?" त्यांनी मधलीचे दोन्ही हात धरले. "देव तुमचं भलं करो बाई! मी आपला उगाच..." त्यांनी बाकीचं ऐकलंच नव्हतं, किंवा त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांनी तिच्या मुस्काटात दोन ठेवून दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मुलीने मात्र सगळं ऐकलं होतं. ती मधलीकडे बघत होती. रडत नव्हती.

"म्हणजे मी विरघळले नव्हते," ती म्हणाली.

"नाही," मधली म्हणाली.

"माझ्या एकटीच्याच गजाला नाही लावली?"

"हो. तुझ्या एकटीच्याच."

मुलीने मान हलवली, एखादं गणित पटल्यासारखी. मग आजोबांचा हात ओढत ती दाराकडे वळली. पेटी मधलीपाशीच राहिली.

मॅडम पुढे आल्या. त्यांचं हसू गेलं होतं. "मी ज्या मुलीबद्दल माझ्या लोकांना सांगितलं, ती हीच ना?"

"हीच."

"आणि मी तिला ऐकलंच नाही."

"नाही. मॅनेजरांना यातलं काही माहीत नव्हतं. मुलांना तर नव्हतंच. जे केलं ते मी केलं."

मॅडमनी मुलांच्या रांगेकडे बघितलं, सगळ्या वाद्यांकडे, सगळ्या गजांकडे. फोटो नको म्हणाल्या. मग मॅनेजरांना म्हणाल्या, "आत्ता काही थांबवत नाही. मुलांना का शिक्षा? पण मी पुन्हा येईन, आणि न सांगता येईन. तेव्हा सगळ्यांना ऐकेन. जे जसं वाजवतात तसं." मॅनेजरांनी इतक्यांदा मान डोलावली की बघणाऱ्याला कीव यावी. मधलीला मात्र कुणीच काही बोललं नाही. तिला वाटत होतं, कुणीतरी बोलावं.

नंतरच्या शनिवारी ती वेळेआधीच खोलीत येऊन बसली. करवतीची पेटी तिने भिंतीपाशी जागेवर ठेवली होती. चिकटपट्टीवरचं नाव पुसट झालं होतं, पण ते पुन्हा लिहायचा धीर तिला झाला नाही. मुलं आली, बसली. तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती. मधलीने फडक्यातला खडा घेतला आणि पहिल्या मुलाचा गज हातात धरला.

दार वाजलं. आजोबा आत आले, खुर्ची ओढून दाराशी बसले आणि कानातलं मशीन त्यांनी बोटाने नीट दाबून बसवलं. त्यांच्या मागून मुलगी आली. ती सरळ भिंतीपाशी गेली, तिने पेटी उघडली आणि व्हायोलिन घेऊन जागेवर येऊन बसली. गज तिने मांडीवर आडवा ठेवला.

मधली रांगेतून तिच्यापाशी पोचली तेव्हा मुलीने गज पुढे केला नाही. हात पुढे केला, तळवा वर करून.

"खडा द्या, बाई."

मधलीने दिला. मुलीने तो या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला, आणि गुंडाळलेलं फडकं सोडून काढलं. मग उघडा खडा चिमटीत धरून तिने आपल्या गजाला राळ लावली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. व्हायोलिन खांद्याला लावलं आणि एकच तार ओढली. खर्रकन असा आवाज निघाला की पोरांनी कानात बोटं घातली.

दाराशी आजोबा खुर्चीतून अर्धवट उठले. "आलं!" ते ओरडले. "आलं हं!"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिने शेजारच्या मुलाचा गज घेतला आणि त्यालाही राळ लावायला लागली.

"असू दे बाळा, मी लावते," मधली म्हणाली.

"राहू द्या, बाई. मी लावते."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. घरातलं एखादं मोठं माणूस जसं शांतपणे काम हातात घेतं, तशी बोलली. आणि ती उरलेल्या रांगांतून फिरली, प्रत्येकाच्या गजाला खड्याची उघडी बाजू लावत. मधली मध्ये उभी राहिली. तिच्या हातांना काही काम नव्हतं.

शेवटचा मुलगा झाल्यावर ती मधलीसमोर येऊन थांबली.

"तुमचा पण द्या."

मधलीने खुर्चीवरचा आपला व्हायोलाचा गज उचलला आणि मुलं धरतात तसा पुढे धरला. मुलीने खाली मान घालून राळ घासली. मधली तिच्या हाताकडे बघत होती. खड्याचीच बाजू होती. झाल्यावर मुलीने फडकं मधलीच्या हातात दिलं आणि खडा स्वतःच्या खिशात टाकला.